तिरंग्याच्या कापडाकडे आणि दोरीकडे लक्ष द्या

संपादक महोदय,

सीमाभागात मराठी माणसांचा भगवा आणि कन्नडिगांचा लाल-पिवळा या दोन ध्वजांवरून जेवढी चर्चा होते, तिच्या दहाव्या हिश्शानेही तिरंग्याविषयी होत नाही. तो सर्वांचा, म्हणून त्याची काळजी कुणाचीच नाही, अशी गत झाली आहे. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी बाजारातून मिळेल तो ध्वज आणायचा, सकाळी घाईघाईने बांधायचा आणि दोरी अडकली की सगळ्यांनी वर बघत उभे राहायचे, हे गावोगाव चालते. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट कापडाची. भारतीय मानकाप्रमाणे खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो तो आपल्या शेजारी, हुबळीच्या बेंगेरीत. धारवाड तालुक्यातले गरग आणि बागलकोटकडचे तुळसीगिरी ही ध्वजाच्या खादीची गावे. सूतकताई, विणकाम, रंगाई, चक्राची छपाई, शिलाई आणि दोरी ओवणे अशा टप्प्यांतून ध्वज जातो. बेंगेरीत हे काम करणाऱ्या बहुतेक महिलाच आहेत. ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ रोजी दुरुस्ती झाली आणि पॉलिस्टर व यंत्रावरच्या कापडालाही परवानगी मिळाली. त्यामुळे पॉलिस्टरचा ध्वज बेकायदा नाही, हे स्पष्टच सांगतो. पण बेळगावहून शंभरेक किलोमीटरवर हातमागाचा ध्वज होत असताना इथल्या मराठी शाळांनी, पंचायतींनी आणि युवक मंडळांनी तोच घ्यावा, असे मला मनापासून वाटते. बेळगावजवळच्या हुदलीचे स्वातंत्र्यसेनानी गंगाधरराव देशपांडे यांना लोक ‘कर्नाटक सिंह’ म्हणत आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिले मराठीत. १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या आयोजनाची धुरा त्यांनीच वाहिली आणि पुढे खादीही त्यांनीच या मातीत रुजवली. खादीचा तिरंगा आपल्याला परका नाही.

आता विकत घेताना काय पाहावे. लांबी आणि रुंदीचे प्रमाण ३:२ च हवे. प्रमाणित मापे नऊ आहेत. शाळेला त्यांपैकी ९०० बाय ६००, १३५० बाय ९०० किंवा १८०० बाय १२०० मिलिमीटर पुरते. अठरा-वीस फुटांच्या खांबाला मधले माप शोभते. मोठा ध्वज घेण्याचा मोह टाळावा. बेळगावच्या किल्ला तलावाजवळचा ११० मीटर उंच ध्वजखांब सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्या उंचीवर वारा मोकळ्या कडेलाच आधी खातो आणि कापड तिथून उसवत जाते. चक्राचा व्यासही मोजून घ्या: ९०० च्या ध्वजावर १८५ मिलिमीटर, १३५० वर २८०, १८०० वर ३७०. आरे चोवीस, रंग गडद निळा आणि दोन्ही बाजूंची छपाई एकावर एक तंतोतंत बसलेली. ध्वज उजेडासमोर धरला की चूक लगेच दिसते.

सर्वात जास्त घोटाळा दोरीत होतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये झड लागलेली असते, खानापूर भागात तर बोलायलाच नको. सुती दोरी भिजली की फुगते आणि अरुंद कप्पीत रुतून बसते. म्हणून कप्पीची खाच दोरीपेक्षा रुंद असावी आणि तिला आठवडाभर आधी तेल द्यावे. ध्वज रात्री बांधून ठेवू नये, कारण ओली गाठ रात्रभरात आवळते. सकाळी एकच सरकगाठ मारावी, दुसरी नको. आत पाकळ्या ठेवण्याला मनाई नाही, पण त्या मूठभर आणि सुक्या असाव्यात. अख्खी झेंडूची फुले भरली की पुडके जड होते आणि अर्धवट उघडून लटकते. बांधण्याआधी दोघांनी ध्वज पूर्ण उघडून केशरी पट्टा वर आहे ना, हे पाहावे. धुतल्यानंतर ध्वजाच्या खांबाकडच्या शिवलेल्या बाहीत दोरी उलटी ओवली गेली तर ध्वज उलटाच चढतो. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. ओला ध्वज घडी करून कपाटात ठेवला की बुरशीचे काळे ठिपके पडतात. तो आधी सावलीत पसरून वाळवावा.

इतर ध्वजांचा नियम आपल्याकडे नाजूक वाटतो, पण तो सरळ आहे. दुसरा कोणताही ध्वज किंवा पताका तिरंग्यापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या शेजारी नको. अपवाद आहेत ते इतर राष्ट्रांच्या आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या ध्वजांसारखे. लाल-पिवळ्याला राज्यध्वज म्हणून केंद्राची मान्यता नाही, त्यामुळे त्याला आणि भगव्याला हाच नियम लागू होतो. ज्या चौकात भगवा कायमचा आहे तिथे तो काढण्याची गरज नाही. तिरंगा तिथे न लावता शाळेच्या किंवा पंचायतीच्या मोकळ्या पटांगणात लावावा. गणेशोत्सव जवळ असल्याने गल्लीत पताकांच्या माळा आधीच चढलेल्या असतात. ध्वजस्तंभावरून जाणाऱ्या माळा तेवढ्या काढाव्यात. दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी हे आपणहून केले तर पोलिसांना मध्ये पडावे लागणार नाही.

फाटलेला किंवा विटलेला ध्वज फडकवू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. तो तुकडे न करता, खाजगीरीत्या, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे संहिता सांगते. कागदी ध्वजही रस्त्यावर पडू देऊ नयेत. प्लॅस्टिकचे तर वापरूच नयेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडीतल्या शाळांनी जूनमध्येच एकत्र मागणी नोंदवावी आणि १५ ऑगस्टनंतर जीर्ण ध्वज गोळा करण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक ठिकाण ठरवावे. ते ठिकाण आणि मापांचा तक्ता आपण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर