आमियाँचा मेकॅनिक

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "तिशी आली बाबा, आता नवा चेहरा म्हणून कोण घेणार?" तेवढ्यात कुकर झाला आणि विषय राहिला, म्हणून लिहितो.

दिवाळीत तू दाखवलेला तो पॅरिसमधल्या निर्वासित सुलेमानचा फ्रेंच सिनेमा डोक्यातून जात नाही. शेवटी आश्रय मागण्याच्या मुलाखतीत समोरची बाई टाइप करत राहते, हा पाठ केलेली हकिकत सांगत जातो आणि मध्येच ती त्याच्या हातून सुटते. डेपोत अप्रेंटिसच्या मुलाखतीला पोरं अशीच खालमानेनं बसायची.

सुलेमान झालेल्या त्या अबू सांगारेची सगळी माहिती ताईकडून काढली. गिनीचा पोरगा. आईच्या आजारपणापायी घर सोडून लिबियामार्गे समुद्र ओलांडला, फ्रान्समध्ये आमियाँला गाड्यांचं काम शिकला. राहण्याचा परवाना मात्र पुन्हापुन्हा नामंजूर. मे 2024 मध्ये कान महोत्सवात अभिनयाचं बक्षीस मिळालं, तरी कागद नाहीत! ते आले जानेवारी 2025 ला, तेही एका वर्षापुरते. आणि फेब्रुवारीअखेर सेझार, नवोदित अभिनेत्याचा. सिनेमातला फ्रान्सचा राष्ट्रीय मान म्हणायचा तो. एवढं होऊनही गडी म्हणतो, मला मेकॅनिकच व्हायचंय. पस्तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, तूच बघ.

वयाचं म्हणशील, तर नवोदितांचा हा सेझार 1983 पासून देतात. 2021 ला तो घेतला ज्याँ-पास्काल झादीनं, चाळिसाव्या वर्षी. 2010 मध्ये ताहार रहीमनं तर एकाच रात्री नवोदित आणि सर्वोत्कृष्ट, दोन्ही नेले. उलट 1991 ला जेराल्ड तोमासाँला तो सोळाव्या वर्षीच मिळाला; पुढं आयुष्याची परवड झाली आणि 2019 पासून तो बेपत्ता आहे. लवकर मिळालं की सुटलो, असं काही नसतं.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला बक्षीस आहे, नटाला नाही. बरंच आहे. नाहीतर तू त्याच्याच तारखा मोजत बसला असतास.

आता खरं बोलतो. सर्व्हिस सेंटरला एसी दुरुस्त करतोस हे ग्रुपमध्ये लपवतोस, 'फ्रीलान्स करतो' सांगतोस, असं ताई म्हणाली. मला ते लागलं. प्रयोग वाढले, वेळ पुरेना, म्हणून नोकरी सोडलीस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण चारचौघांत सांगायला लाज वाटते म्हणून सोडणार असशील, तर आधी मला फोन कर. आणि अंधेरीतल्या त्या ऑडिशनला मेकॅनिकचाच रोल आहे ना? मग पाना कसा धरतात हे तुला कुणी शिकवायला नको.

एकांकिकेची तारीख पक्की झाली की लगेच कळव. महालक्ष्मीचं रिझर्वेशन आयत्या वेळी मिळत नाही आणि आईला खालचाच बर्थ लागतो.

तुझा,
बाबा