पाटी कुलूपबंद दरवाजाच्या आत

महोदय,

आपल्या मेट्रोचे सिग्नल बदलण्यासाठी शनिवार-रविवारी मार्ग बंद ठेवतात, त्याबद्दलची 'काम प्रवाशांच्याच सोयीचे, थोडा संयम ठेवावा' ही आपल्या कालच्या अंकातील बातमी वाचली. संयम हा शब्द वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

काम नको, असे आमच्यापैकी कुणीच म्हणत नाही. जुन्या सिग्नल पद्धतीत बोगद्याचे टप्पे पाडलेले असतात आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याखेरीज मागची गाडी सोडता येत नाही. सिग्नल बदलल्याशिवाय गाड्या वाढणार नाहीत आणि गाड्या वाढल्याशिवाय आमची घुसमट थांबणार नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर सिग्नल आणि गाड्या दोन्ही बदलले, तेव्हा कुठे २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावू लागल्या. रात्री शेवटची गाडी गेल्यावर वीज बंद करून माणसे आत उतरवायची आणि पहिल्या गाडीआधी सगळे आवरून बाहेर यायचे, यात हाती उरतात जेमतेम तीन-चार तास. म्हणून शनिवार-रविवारी मार्ग बंद ठेवावा लागतो, हेही मान्य.

पण मागच्या रविवारचे ऐका. आईला डॉक्टरांकडे न्यायचे होते. तिचे वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. स्टेशनवर पोहोचलो तर शटर खाली. बदली बस कुठून सुटते, हे सांगणारी पाटी होती, पण ती शटरच्या आत, तिकीट खिडकीशेजारी लावलेली! जाळीला डोळे लावून मी ती वाचायचा प्रयत्न केला. अर्धी अक्षरे दिसेनात. बाहेर विचारायला एकही कर्मचारी नव्हता. बस मागच्या रस्त्याला उभी राहते, हे पंचवीस मिनिटांनी एका प्रवाशाकडून कळले. तोवर आई पायरीवर बसून होती. 'तू जा, मी इथेच थांबते,' म्हणाली. तपासणी तिची आणि थांबणार ती! डॉक्टरांची वेळ अर्थातच चुकली. ज्याने ती पाटी लावली, त्याने एकदा बाहेर उभे राहून ती वाचून पाहिली असती, तर एवढे झाले नसते. याला संयम काय करणार?

माणसांचा विचार करून काम करता येते. पॅरिसची १९०० साली सुरू झालेली पहिली मेट्रो लाइन चालकाविना धावणारी केली, तेव्हाही ती दीर्घकाळ बंद ठेवली नाही. न्यूयॉर्कमध्ये एल लाइनचा नदीखालचा बोगदा दुरुस्तीसाठी १५ महिने पूर्ण बंद राहणार होता. २०१९ च्या जानेवारीत तो बेत रद्द झाला आणि काम रात्री व शनिवार-रविवारी उरकले. तिथेही लोकांचे हाल झाले असतील, पण गाड्या चालू राहिल्या.

आणि सोमवार सकाळ? रविवारच्या कामानंतर गाडी हमखास बोगद्यात थांबते. दार आणि माणसांच्या पाठी यांच्यामध्ये चेंगरून आम्ही उभे असतो आणि घोषणा होत नाही. दोन मिनिटे लागणार की वीस, एवढे तरी सांगा. चालकाला माहीत नसेल, तर 'माहीत नाही' म्हणावे. तेवढ्यानेही जीव भांड्यात पडतो.

जाता जाता, दक्षिणेकडच्या दाराचा सरकता जिना या कामात मोडत नाही, तरी तो आठ महिने बंद आहे. त्याच्यावर तर पाटीसुद्धा नाही.

येत्या रविवारीही मार्ग बंद आहे आणि आईला पुन्हा न्यायचे आहे. तेवढी ती पाटी शटरच्या बाहेर लावा.

आपला,
एक रोजचा प्रवासी