रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

ती. आई-बाबा,
सा. न.

छातीत दुखतं म्हणून केलेला आईचा ईसीजी, एको, रक्त सगळं नॉर्मल आलं, बरं वाटलं. पण बाबा, फोनवर मागून तुम्ही म्हणालात ना, ‘काही नाही, मनाचे खेळ!’, ते मला पटलं नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

माणूस एकटा पडला की शरीर सतत सावध राहतं. अ‍ॅड्रिनलीन, कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, मान-खांदे आखडतात, पोट बिघडतं, झोप मोडते. आणि झोप मोडली की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार नोंदवला. जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा काही भाग तात्पुरता फुगतो, हार्ट अटॅकसारखीच कळ येते, पण रक्तवाहिनी तुंबलेली नसते. रुग्ण बहुतेक पाळी गेलेल्या बायका. आईला तो नाही, घाबरू नका. पण मनाचं दुखणं हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतं ते असं. तुम्हाला आकडे लागतात, म्हणून हेही: अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर) २०२३ साली एकटेपणावर अहवाल काढला. माणसांचा संबंध तुटलेल्यांना हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३२ टक्क्यांनी जास्त.

लालबागच्या चाळीत आई गॅलरीत तांदूळ निवडायला बसली की दोघी-तिघी आपोआप येऊन टेकायच्या. पाण्यावरून भांडायच्याही त्याच. टॉवरमध्ये घरात संडास आला, लिफ्ट आली (चाळीचे गोडवे मी गाणार नाही, रात्री रांगेत मीही उभी राहिलेय), पण दार बंद, आणि बेल वाजते ती कुरियरवाल्याची. छातीत दुखणं तिथे राहायला गेल्यावरच सुरू झालं ना?

आई, जुन्या बाजारात भाजीला जा, ऑनलाइन मागवू नकोस. मंगळवारी भजनाला जात होतीस, ते पुन्हा सुरू कर. बाबा, तिला सोडायला तुम्ही जा, म्हणजे तुमचाही कॅरम होईल.

मात्र कळ हाता-जबड्यात गेली, घाम फुटला, धाप लागली, तर मनाचं म्हणून थांबायचं नाही, १०८ लावायचा. आणि मन फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, मराठीतून बोलतात.

पुढच्या वेळी डॉक्टरांना तिची झोप, भूक आणि दिवसभरात ती कोणाशी बोलते, हेही सांगा, बाबा. ती स्वतःहून सांगायची नाही.

तुमची,
ताई