काटा पडला म्हणून इंजिन खोलू नका, आधी दाब मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या वाहन पुरवणीत कोल्हापूरच्या एका वाचकांचा प्रश्न वाचला. त्यांच्या जुन्या, दोन आसनी स्पोर्ट्स कारचा ऑइल प्रेशरचा काटा सिग्नलला थांबलं की शून्याकडे जातो आणि कधी काही कारण नसताना पार टोकाला चढतो. उत्तरात सल्ला होता, ‘बेअरिंग झिजली असणार, इंजिन ओव्हरहॉल करून घ्या.’ हे वाचून मी अस्वस्थ झालो. दाब खरोखर किती आहे हे कुणी मोजलं का, एवढा साधा प्रश्न त्या उत्तरात कुठेच नव्हता. अशा सल्ल्यावर विसंबून माणसं लाखाच्या घरात खर्च करून बसतात, आणि नव्या इंजिनावरही काटा पूर्वीसारखाच नाचत राहतो.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. बॉयलरवरचे, कॉम्प्रेसरवरचे प्रेशर गेज उतरवायचे, डेड वेट टेस्टरवर, म्हणजे ठरावीक वजनं ठेवून अचूक दाब देणाऱ्या यंत्रावर, चढवायचे, किती किलोला किती दाखवतो ते लिहायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलो आणि इथे एक जुनी १९९० ची माझदा एमएक्स-५ घेतली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. आधीच्या मालकांनी ती स्वस्तात काढली, कारण एका गॅरेजने त्यांना हाच सल्ला दिला होता: प्रेशर नाही, इंजिन गेलं.

डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे दाब नव्हे, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. युजीन बोर्डन यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या वाकड्या नळीच्या गेजमध्ये दाब थेट नळीत शिरतो, नळी किंचित उलगडते आणि काटा हलतो. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये असे गेज असत आणि इंजिनातलं तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येई. नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजिनावर एक सेंडर बसवलेला असतो. दाब बदलला की त्याचा विद्युत रोध बदलतो, तो एका वायरने मीटरपर्यंत पोचतो आणि परतीचा मार्ग, म्हणजे अर्थिंग, सेंडरच्या धातूच्या अंगातून, आट्यांमधून, इंजिनाच्या ब्लॉकमधून जातो. म्हणजे काट्याला नाचवायला सेंडर, वायर, अर्थिंग आणि खुद्द मीटर अशा चार जागा बेअरिंगच्या आधी उभ्या आहेत. चारही जागा तपासायला एक मल्टिमीटर आणि एक दुपार पुरते.

माझ्या गाडीत इग्निशन चालू केलं की इंजिन बंद असतानाच काटा मध्यावर यायचा. इंजिन फिरतच नाही तर पंप दाब कुठून आणणार? हेडलाइट लावले की काटा थरथरायचा. तेलाला हेडलाइट कळत नाहीत. दाब खरोखर गेला असता तर त्या इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे हायड्रॉलिक टॅपेट टिकटिकू लागले असते, कारण ते तेलाच्या दाबावरच फुगून राहतात. इंजिन मात्र शांत होतं. एवढ्यावरच माझा संशय विजेच्या बाजूला गेला होता.

या गाडीत सेंडर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरजवळ लपलेला असतो. हात कसाबसा पोचतो. तिथे कुणीतरी बाजारातला दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त सेंडर बसवला होता आणि आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे दिले होते. तेल गळू नये म्हणून टेप लावली, पण या सेंडरचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं. टेप जितकी जाड तितकं अर्थिंग कच्चं. आणखी एक गोष्ट इथे फार बाधते. या जपानी इंजिनाला एक अष्टमांश इंचाचे ब्रिटिश टेपर आटे लागतात, इंचाला २८. अमेरिकी दुकानात त्याच मापाच्या नावाने मिळणाऱ्या सेंडरला इंचाला २७ आटे असतात आणि आट्यांचा कोनही वेगळा. दोन फेरे सहज बसतात, मग अडतात, मग जोर लावला जातो. असा जोर लावून ब्लॉकचं भोक खराब केलेल्या गाड्या मी इथे पाहिल्या आहेत.

सेंडर काढला, त्याच भोकात योग्य आट्यांचा अ‍ॅडॉप्टर बसवला आणि रबरी होजने माझा स्वतः तपासलेला मेकॅनिकल गेज लावला. गाडी चांगली फिरवून तेल पूर्ण तापल्यावर मोजलं, कारण थंड इंजिनावरचा आकडा कुणालाही दिलासा देतो. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे या इंजिनाला मिनिटाला १००० फेऱ्यांवर चौरस सेंटीमीटरला २ ते ३ किलो आणि ३००० फेऱ्यांवर ३ ते ४ किलो दाब हवा. दोन्ही ठिकाणी माझं इंजिन या मर्यादेत होतं. ज्या इंजिनाला मेलेलं ठरवलं होतं, त्याचा दाब नव्या इंजिनाला शोभेल असा होता. योग्य सेंडर बसवला, टेपऐवजी आट्यांवर, पहिले दोन आटे कोरडे ठेवून, सीलंटचा पातळ हात दिला, वायरचं टर्मिनल घासून स्वच्छ केलं. काटा शहाणा झाला.

वाचकांना हेही सांगायला हवं की काही गाड्यांत काटा मुळातच खरा नसतो. याच एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला आकडे असलेला खरा गेज होता. १९९५ च्या मॉडेलपासून त्याच्या जागी असा गेज आला की दाब थोडासा जरी असला तरी काटा मध्यावर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. सेंडरच्या जागी नुसता स्विच. अमेरिकेत फोर्डच्याही बऱ्याच गाड्यांत हेच केलं गेलं. निष्कारण घाबरणारे ग्राहक कमी होतात हे मला समजतं, तरीही गेजच्या रूपात दिवा विकणं मला पटत नाही. चालकाला आकडा द्यायचा नसेल तर सरळ लाल दिवा द्यावा, आणि त्या दिव्याचा अर्थही सांगावा: दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (एक बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो) खाली गेल्यावर तो पेटतो, म्हणजे तो पेटल्यावर गाडी तिथल्या तिथे बंद करायची असते, गॅरेजपर्यंत न्यायची नसते.

इथल्या एका मराठी स्नेह्यांकडे १९८४ ची पोर्शे ९११ आहे. त्यांचा काटा स्थिर होता, फक्त नेहमी निम्मा दाखवायचा. त्या गाड्यांतल्या जर्मन सेंडरचा रोध शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला साधारण १८० ओहम असतो. वायर तुटली तर काटा वरच्या टोकाला जातो, वायर गाडीच्या धातूच्या अंगाला चिकटली तर शून्यावर. त्यांच्या गाडीत दोन्ही नव्हतं. पाच बारच्या मीटरला कुणीतरी दहा बारचा सेंडर जोडला होता. दोन्ही दिसायला सारखे, आकडा फक्त अंगावर कोरलेला. ९११ वाले गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे एक बार असा ढोबळ हिशेब धरतात, त्या हिशेबाने त्यांचं इंजिन उत्तम होतं. मात्र वायर काढून किंवा अंगाला लावून पाहण्याची ही चाचणी करताना आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी बघावं, कारण काही कंपन्यांच्या मीटरमध्ये काटा याच्या अगदी उलट जातो.

आता याची दुसरी बाजू, आणि ती स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची. काटा एरवी नीट असेल आणि लांब वळणावर, जोरात असतानाच खाली येत असेल, तर त्याच्यावर तात्काळ विश्वास ठेवा. इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकतं, ते पंपाकडे ओढणाऱ्या नळीच्या, म्हणजे पिकअपच्या, तोंडाशी हवा येते आणि त्या क्षणी दाब खरोखरच जातो. अशा वेळी सेंडर बदलत बसणं म्हणजे बेअरिंगचा बळी देणं. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवणं, तेलाची पातळी वरच्या खुणेला ठेवणं हे त्याचे उपाय. पोर्शेने ९११ ला पहिल्यापासून ड्राय संप दिला, त्यात तेल चेंबरमध्ये न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवतात, तो याचसाठी.

माझी आपल्याला दोन कळकळीच्या विनंत्या आहेत. पुरवणीत अशा प्रश्नाला उत्तर देताना ‘मेकॅनिकल गेजवर गरम इंजिनाचा दाब किती?’ हे आधी विचारलं जावं. आणि वाचकांनी ओव्हरहॉलला होकार देण्यापूर्वी गॅरेजकडून तो आकडा, फेऱ्यांसकट, बिलावर लिहून घ्यावा. असा गेज महाग नसतो, तो प्रत्येक गॅरेजमध्ये असायला हवा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या हातात तो पहिल्या वर्षीच दिला जावा, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरच्या वाचकांनी सेंडरच्या जागी गेज लावून गरम इंजिनावर आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, आणि ३००० फेऱ्यांना दाब मोजावा. आकडा मॅन्युअलइतका आला तर इंजिनाला हात लावू नये, सेंडर आणि अर्थिंग बघावं. कमी आला तरी लगेच क्रँक काढू नये. आधी तेलाची पातळी आणि ग्रेड, तेलाला पेट्रोलचा वास येतो का हे पाहावं, मग चेंबर उतरवून पिकअपची जाळी आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह. बेअरिंगची पाळी त्यानंतर येते.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक
सॅन होजे, कॅलिफोर्निया