दाढी करून दिली, सुई लावली नाही

हॅमिल्टन, ऑन्टॅरियो
९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, आणि आईच्या कानावर अर्धवट काही गेलं तर ती आठवडाभर झोपणार नाही. म्हणून पत्र. एकटी असशील तेव्हा वाच.

ग्रुपवर आलेलं 'कॅनडात म्हाताऱ्यांना इंजेक्शन देऊन संपवतात' ते तू वाचलंच असशील. तसं नाही गं. असाध्य आजारात डॉक्टरांच्या मदतीने मरण मागता येतं, असा इथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१५चा, कायदा जून २०१६चा. पेशंटने स्वतः लेखी मागायचं, साक्षीदारासमोर सही करायची, दोन डॉक्टरांनी (किंवा जादा अधिकार असलेल्या नर्स प्रॅक्टिशनरनी) वेगवेगळं तपासायचं. एकदा हो म्हटलं तरी माणूस कधीही 'नको' म्हणू शकतो. आम्ही त्याला 'मेड' म्हणतो, 'मेडिकल असिस्टन्स इन डाइंग'चं छोटं रूप. २०२३ साली देशभरात १५,३४३ जण असे गेले, शंभर मृत्यूंमागे जवळजवळ पाच. त्यामुळे वॉर्डातल्या नर्सला ते चुकत नाही. माझ्या वाट्याला ते सात वर्षांनी, गेल्या महिन्यात आलं.

घशाच्या कॅन्सरचे गृहस्थ, चार आठवडे माझ्याकडेच होते. गिळता येत नव्हतं, बोलणं कुजबुजीसारखं. सोमवारी इनचार्ज म्हणाली, "गुरुवारी अकरा वाजता. तू सकाळी आयव्ही लावून ठेवशील ना?" औषध डॉक्टरच देणार, माझ्यासारख्या साध्या नर्सने ते द्यायचं नसतंच. माझं काम फक्त सुई लावण्याचं, म्हणजे तुझं इंट्राकॅथ. दिवसाला दहा लावते मी. त्या वेळी मात्र तोंडातून निघून गेलं, "मला नाही जमणार."

ती एका शब्दाने बोलली नाही. त्याच कायद्यात लिहिलंय की कुणालाही हे करायला किंवा यात मदत करायला भाग पाडलं जात नाही. पण नर्सिंग कौन्सिलचा नियमही आहे: नकार द्यायचा तर पेशंट दुसऱ्या नर्सच्या हाती सोपवायचा, तोवर त्याची बाकी सेवा सोडायची नाही, आणि आपली मतं त्याला ऐकवायची नाहीत. मला हा नियम अगदी पटतो. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी यायला तयार झाली म्हणून माझं निभावलं. आडगावातल्या छोट्या हॉस्पिटलात पाळीला दोनच नर्स असतील तर तिथल्या बाईने कुणाकडे बघायचं? माणसंच नसतील तर कायद्यातलं ते वाक्य तिच्या काय कामाचं?

डॉक्टरांचा वाद याहून मोठा. ऑन्टॅरियोत नियम असा की, स्वतः करणार नसाल तर करणाऱ्या डॉक्टरकडे किंवा संस्थेकडे पेशंटला पोचवा. काही ख्रिस्ती डॉक्टर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, वाट दाखवणं म्हणजेही हातभार लावणं. २०१९ साली वरच्या कोर्टाने मान्य केलं की यात त्यांच्या धर्मस्वातंत्र्यावर बंधन येतं, तरीही नियम कायम ठेवला, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाने दारोदार विचारत फिरायचं कसं? त्या डॉक्टरांची तगमग मला कळते. पण मी कोर्टाच्या बाजूची आहे. माझं मन मला जपायचं असेल तर त्याची किंमत पेशंटने का मोजावी?

आता उलट बाजूही लिहिते. २०२१ पासून आजार असाध्य आहे पण मरण जवळ नाही, अशांनाही हे मागता येतं, तपासणीला निदान ९० दिवस द्यावे लागतात. घर नाही, बघायला कुणी नाही, म्हणून कुणी मरण मागितलं तर? तिथे मी सुई तर लावणार नाहीच, गप्पही बसणार नाही.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांना कळलं होतं. कुजबुजत म्हणाले, "रागावलीस माझ्यावर?" मी म्हटलं, "नाही हो." मग त्यांनी गालावरून हात फिरवला. दाढी करायची होती. मी कोमट पाणी आणलं, फेस लावला. गळ्याच्या गाठीखालची कातडी कागदासारखी झाली होती, बोटाने ताणून धरत, रेझर अगदी हलका फिरवत गेले. डाव्या कानाखाली एक मस आहे, तिथे ते दर वेळी "सांभाळून" म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले. मावशी, ही मदत होती का? सुईला नाही म्हणणारी मी, त्यांना त्याच वेळेसाठी तयार करत होते. पण दाढी करून देणं ही जगणाऱ्या माणसाची सेवा आहे, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

मी खोलीबाहेर थांबले. नंतर ती मुलगी आणि मी, दोघींनी मिळून त्यांना पुसून घेतलं.

तेव्हापासून तुझे केईएमचे दिवस डोक्यात आहेत. हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या तुमच्याच सिस्टर अरुणाताई शानबागांना तुम्ही सिस्टरांनी जवळजवळ बेचाळीस वर्षं सांभाळलं, एक बेडसोर होऊ दिला नाही. अन्न थांबवा अशी मागणी कोर्टात गेली तेव्हा तुम्ही सगळ्या विरोधात उभ्या राहिलात, आणि २०११ साली कोर्टानेही तुमचंच ऐकलं. तू म्हणाली होतीस, "आमच्यातल्या एकीचाही हात वळला नसता." माझाही तसाच अडला. फरक इतकाच की अरुणाताईंना सांगता येत नव्हतं. माझ्या पेशंटने मात्र चार आठवडे, शुद्धीत, रोज सांगितलं होतं. मग माझा नकार तुमच्यासारखा त्यांच्या बाजूने होता, की नुसता माझ्या स्वतःसाठी?

तुला काय वाटतं ते सरळ लिही, माझं मन राखायला म्हणून नको. आणि एक सांग, अरुणाताई बोलू शकल्या असत्या आणि त्यांनीच "पुरे" म्हटलं असतं, तर वॉर्ड चारमध्ये तुम्ही काय केलं असतंत?

इथे अजून गुडघाभर बर्फ आहे. तुझ्या गुडघ्यांना जप. आईला यातलं काही सांगू नकोस, मी आले की सांगेन.

तुझी,
मनू