इंजिनाच्या बॉडीतील दिव्यांच्या तारा

प्रिय श्रीधर यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मॉडेल इंजिनाला पुढचे आणि मागचे दिवे बसवण्याचे काम तू हाती घेतलेस याचा मनापासून आनंद झाला. डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेला संदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड, कोणता घ्यावा असे तू विचारले आहेस; परंतु माझ्या मते या कामाचा कस तारा कुठून न्यायच्या हे ठरवण्यात लागतो, म्हणून त्याविषयीच लिहितो.

बॉडी चेसिसवरून वारंवार उतरवावी लागते, कधी तेल देण्यासाठी तर कधी चाके पुसण्यासाठी. दिवे बॉडीत आणि डिकोडर चेसिसवर असल्यामुळे साऱ्या तारा एकाच ठिकाणी या भागातून त्या भागात जाव्यात आणि तिथे तीन पिनांचा लहान कनेक्टर असावा. डिकोडरची निळी तार दोन्ही दिव्यांची सामाईक धन तार, पांढरी पुढच्या दिव्याची आणि पिवळी मागच्या दिव्याची. निळी मधल्या पिनेला जोड. मग कनेक्टर उलटा बसला तरी पुढचा आणि मागचा दिवा यांची फक्त अदलाबदल होते, एलईडीला अपाय होत नाही. पांढऱ्या आणि पिवळ्या तारेत प्रत्येकी 1000 ओहमचा रेझिस्टर घाल. डिकोडरकडून 12 व्होल्ट येत असतील आणि पांढरा एलईडी 3 व्होल्ट घेत असेल, तर 9 मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि एवढ्या लहान दिव्याला तो भरपूर होतो.

आता मार्ग. छत आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तो आतला कोपरा सर्वांत सुरक्षित, कारण फ्लायव्हील, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचे जड फिरते चाक, सहसा तिथवर पोहोचत नाही. अरुंद बॉडीच्या डिझेल इंजिनात मात्र वजनाचा ठोकळा भिंतीला जवळजवळ टेकलेला असतो; तिथे प्लॅस्टिकच्या वेष्टनाची तार मावत नाही, इनॅमलची, म्हणजे वीजरोधक लाखेचा पातळ थर दिलेली, बारीक तारच घ्यावी लागते. परंतु ज्या चेसिसचे दोन अर्धे भाग दोन रुळांचा प्रवाह वाहतात, तिच्या धातूच्या कडेवर ते इनॅमल घासून निघाले तर डिकोडर जळू शकतो, म्हणून अशा प्रत्येक कडेवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीजरोधक पातळ चिकटपट्टी) आधी चिकटव. बोगीजवळून, म्हणजे इंजिनाखालच्या फिरत्या चाकांच्या सांगाड्याजवळून, तार नेण्याचा मोह टाळ. सरळ रुळावर ती मोकळी दिसते आणि तीव्र वळणावर बोगी फिरली की अडकते.

तारा चिकटवण्याआधी दिव्यांभोवतीचा भाग आतून काळा रंगव, नाहीतर पातळ प्लॅस्टिकमधून सगळे नाकच उजळते. तारांसाठीही कॅप्टॉन टेपच वापर. सुपरग्लूच्या वाफेने खिडक्यांच्या काचांवर पांढरी धूसर साय धरते आणि ती सहजी निघत नाही. बॉडी चेसिसशेजारी आडवी ठेवता येईल एवढी तार सैल सोड आणि ती सैल घडी केबिनच्या पोकळीत बसव.

मोटरच्या माथ्यापासून छतापर्यंत किती जागा उरते, ते मोजून कळव. कनेक्टर तिथे ठेवावा की केबिनकडे सरकवावा, हे त्यावरून ठरवता येईल.

तुझा स्नेहांकित,
माधव