खरखर रेडिओची की घराची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आकाशवाणी हल्ली स्पष्ट लागतच नाही, नुसती खरखर येते, असे म्हणून रेडिओ माळ्यावर टाकून देणारी मंडळी साताऱ्यात बरीच भेटतात. यातला पुष्कळसा दोष प्रक्षेपणाचा नसून घरातल्या मांडणीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यम लहरींचेच (मीडियम वेव्हचेच) पाहा. १९६३ साली सुरू झालेले सांगली केंद्र (१२५१ किलोहर्ट्झ) आपल्या आग्नेयेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे, तर पुणे केंद्र (७९२ किलोहर्ट्झ) जवळजवळ थेट उत्तरेला. या लहरींसाठी संचाची एरियल कितीही वर ओढली तरी उपयोग नसतो, कारण त्या पकडते ती संचाच्या पोटात आडवी बसवलेली फेराइटची कांडी, आणि ही कांडी तिच्या टोकांच्या दिशेने येणाऱ्या लहरी जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे सांगली ऐकायचे तर रेडिओचे तोंड किंवा पाठ आग्नेयेकडे हवी, पुण्यासाठी उत्तरेकडे. आपल्याकडे मात्र रेडिओ कपाटावर जसा मावेल तसा ठेवला जातो. उरलेल्या खरखरीचा उगम शोधायचा असेल तर संच सेलवर चालवून घराचा मेन स्विच, आणि इन्व्हर्टर असल्यास तोही, क्षणभर बंद करावा. आवाज स्वच्छ झाला, तर दोषी एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर यांसारखे घरातलेच काहीतरी आहे. तरीही दोन मर्यादा उरतात. सूर्यास्तानंतर दूरची केंद्रे आत घुसतात, आणि दोन केंद्रांमध्ये अंतर नऊच किलोहर्ट्झचे असल्याने वरचे स्वर कापले जातात. बातम्या व शेतीविषयक कार्यक्रमांना ते चालते, तानपुऱ्याला चालत नाही.

संगीतासाठी एफएम कितीतरी सरस आहे. त्याच्या लहरी मात्र साधारण सरळ रेषेत जातात, आणि अजिंक्यतारा व यवतेश्वर या डोंगरांच्या मध्ये वसलेल्या गावात एका गल्लीत खणखणीत लागणारे केंद्र पलीकडच्या गल्लीत फसफसते, यात नवल नाही. यावर स्वस्त उपाय आहे. सुमारे पाऊण मीटर लांबीच्या दोन नळ्या एका रेषेत बसवून, मधून टीव्हीची कोएक्सियल केबल काढून, हा द्विध्रुव गच्चीवर लावला आणि केबल एरियलची खाच असलेल्या ट्यूनरला जोडली, की खोलीतल्या एरियलशी त्याची तुलनाच उरत नाही. एवढे करूनही बारीक फसफस राहिली तर स्टीरिओऐवजी मोनो करून पाहावे. ती बहुधा जाते.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांनी मात्र डीडी फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेचा विचार अवश्य करावा. टीव्हीसाठी घेतलेल्या या छत्रीवर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या मासिक शुल्काशिवाय मिळतात, हे घरात छत्री असणाऱ्यांनाही ठाऊक नसते. २६ जानेवारी २०१६ पासून सुरू झालेली ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी त्यांतलीच. सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना जुन्या अॅम्प्लिफायरला जोडाव्यात आणि वाहिनी लावून झाल्यावर टीव्ही बंद करावा, खरखर शून्य. आषाढातल्या धुवाधार पावसात संकेत तुटतो, तेवढा वेळ कळ काढावी लागते.

‘न्यूजऑनएअर’ अॅपवर दूरच्या प्रांतांतली केंद्रेही ऐकता येतात, पण सारे इंटरनेटच्या मर्जीवर. शिवाय प्रसारण काही सेकंद मागे असल्याने त्यातल्या वेळेच्या टोल्यांवर घड्याळ लावू नये. डीआरएम या रेडिओ प्रसारणाच्या डिजिटल पद्धतीचा गाजावाजा झाला खरा, तथापि तिचे संच सामान्य दुकानांत दिसतच नाहीत, तोवर तिची चर्चा व्यर्थ आहे.

एकच साधन निवडायचे तर मी संगीतासाठी फ्री डिश घेईन, पण सेलवरचा रेडिओ मोडीत काढणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली परिसरात वीज आणि मोबाइल यांचा भरवसा उरला नव्हता. अशा वेळी उपयोगी पडतो तो हाच संच.

आपल्या दैनिकाने आकाशवाणीचे रोजचे कार्यक्रम छापताना केंद्राची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) आणि साताऱ्याहून त्याची दिशा एका ओळीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित श्रोता, शाहूपुरी, सातारा